अर्ध्याबाईंचा आत्मविश्वास

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या शास्त्राच्या बाईंना सारी शाळा अर्ध्याबाई म्हणायची. अंगाने त्या अर्ध्या नव्हत्या, चांगल्या दीडपट होत्या. पण उत्तर कितीही चोख असलं तरी अर्धा मार्क कापल्याशिवाय त्यांच्या हाताला चैन पडत नसे. "अर्धा कशाचा कापला, बाई?" असं कुणी विचारलं तर म्हणत, "शाईचा डाग पडलाय." डाग नसलाच तर म्हणत, "पडला असता." लग्नाआधी नवऱ्या मुलाला पाहून झाल्यावर वडिलांनी विचारलं, कसा वाटला, तेव्हा बाईंनी दहापैकी साडेसहा दिले होते म्हणे. हे त्यांचे यजमानच सगळ्यांना सांगायचे आणि वर पुस्ती जोडायचे, "इतकी वर्षं घासतोय, अजून सातवर गेलो नाही."

यजमान घड्याळं दुरुस्त करायचे, म्हणून ते घड्याळकाका. संध्याकाळी इमारतीच्या दारातल्या बाकावर टेकले की त्यांच्या पोटात काही राहत नसे, आणि त्यांच्या शेजारी बसणाऱ्याच्या पोटात तर त्याहून कमी राहतं. बाईंच्या शाळेतल्या भाषाबाई माझ्या सुनेची मैत्रीण. म्हणजे एक नळ घरचा, एक शाळेचा. माझी बादली कधी रिकामी नसते. दोन्हीकडचं पाणी गाळून घेऊनच हे लिहितोय. पुष्कळदा वाटतं, बादलीच भोकाची असती तर बरं झालं असतं.

शाळा बंद पडून सगळे घरात अडकले होते त्या वर्षी बाईंनी स्वयंपाकघरात कपडे वाळत घालायच्या दोरीला चिमट्यांनी फोन उलटा टांगला आणि ओट्यावर प्रयोग सुरू केले. पेटती मेणबत्ती ग्लासाखाली कशी विझते हे पोरं घरबसल्या बघत होती. एकदा मागून काका बनियनवर चहा मागायला आले, तेही सगळ्या वर्गाने बघितलं. बाईंनी शांतपणे सांगितलं, "हा प्रयोगाचा भाग नाही." मग हळूहळू त्या चित्रफिती कापायला शिकल्या, फोनवरून चाचण्या घ्यायला शिकल्या, आवाज गेला तर परत कसा आणायचा तेही शिकल्या. बाकीचे शिक्षक एकच गोष्ट शिकले, बाईंना हाक मारायची.

यातूनच स्टाफरूममध्ये एक रीत पडली. वरून फोनवर काही भरायचं आलं की सगळे आपापले फोन टेबलाच्या टोकाला बाईंच्या पुढ्यात सरकवत. जेवण झाल्यावर ताटल्या सरकवतात तसे. "बाई, तेवढं भरून टाका हो." बाई भरत, बाकीचे चहा पीत बसत. यात वावगं आहे असं कुणालाच वाटलं नाही, बाईंनाही नाही. शिकवत बसण्यापेक्षा भरून मोकळं होणं सोपं पडायचं.

बाईंचा जीव होता तो शाळेतल्या सर्वांत वरच्या वर्गात. त्या वर्गाचं शास्त्र त्यांच्याकडे तरुणपणापासून होतं. मुख्याध्यापक व्हा म्हणून दोनदा विचारणा झाली, दोन्ही वेळा त्यांनी नाही म्हटलं. "मुख्याध्यापकाला वर्ग नसतो," एवढंच कारण. घरात मूलबाळ नाही. सकाळी तो वर्ग झाला की बाईंचा दिवस झाला, उरलेला नुसता वेळ.

तर एके दिवशी संस्थेच्या मुख्य कार्यालयातून एक ताई आल्या. नीटनेटक्या, गोड बोलणाऱ्या, पायात आवाज न करणाऱ्या चपला. स्टाफरूममध्ये आल्या आणि पहिल्यांदा त्यांनी मागे वळून दार लावून घेतलं. त्या खोलीचं दार लागतं हेच कुणाला माहीत नव्हतं.

"घाबरू नका," ताई म्हणाल्या. तोवर कुणी घाबरलं नव्हतं. "ही परीक्षा नाही. बरोबर-चूक काही नाही. फोनवर, पडद्यावर शिकवताना तुम्हाला स्वतःबद्दल किती विश्वास वाटतो, तेवढं फक्त मोजायचंय. एक म्हणजे मुळीच नाही, पाच म्हणजे पूर्ण."

"मोजून काय करणार?" गणिताच्या सरांनी विचारलं.

"मोजून ठेवणार."

"आणि ठेवून?"

"सर, आधी मोजू तर द्या!"

सगळे हसले. भाषाबाई सांगतात, सगळ्यांचं हसून संपलं तरी ताईंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, काढायचं राहून गेल्यासारखं. त्याच दिवसापासून त्यांचं नाव पडलं मोजणीताई.

ताई गेल्या आणि फोन सरकले.

"मला सगळीकडे पाच टाका बाई," खेळाचे सर म्हणाले. "गडी कुठं कमी पडायला नको."

"सर, काल तुम्हाला फोनचा आवाज मोठा करता येत नव्हता."

"पण वाढेल असा विश्वास होता की नाही? ते तर विश्वासच विचारतायत!"

"मला चार टाक गं," भाषाबाई म्हणाल्या. "पाच म्हणजे फारच दिसतं."

"मलाही चार," गणिताचे सर म्हणाले. "अधूनमधून एखादा तीन टाका, म्हणजे खरं वाटेल."

मुख्याध्यापकांचाही फोन शिपायाच्या हाताने आला. बाईंनी सगळ्यांचं भरलं आणि शेवटी स्वतःचं काढलं. ते मात्र त्या पेपर तपासल्यासारखं भरू लागल्या. एकेका प्रश्नाला थांबत, आठवत, मान हलवत. भाषाबाईंनी डोकावून पाहिलं.

"अगं, दोन? तू स्वतःला दोन देतेस?"

"'वर्ग चालू असताना यंत्र बंद पडलं तर मी गोंधळत नाही', असा प्रश्न आहे. परवा आवाज गेला तेव्हा मी गोंधळले होते."

"पण मिनिटभरात आणलास की परत!"

"आणला. पण गोंधळले होते ना? प्रश्न गोंधळण्याचा आहे." आणि बाईंनी पुढच्या प्रश्नालाही दोनच टाकले.

काही दिवसांनी स्टाफरूमच्या भिंतीवर एक तक्ता लागला. नावं नव्हती, गोपनीय असतं ना ते! हिरव्या गोलांचा घोळका आणि खाली कोपऱ्यात एकटा लाल गोल. गोपनीय असल्यामुळे तो कुणाचा हे मधल्या सुट्टीपर्यंत पाणी भरणाऱ्या मावशींनाही माहीत झालं. लोक हसले. बाईही हसल्या. दुपारी मुख्याध्यापकांनी बोलावलं तेव्हा मात्र त्यांना पहिल्यांदा चरका बसला, कारण सर म्हणाले, "बसा." इतक्या वर्षांत त्यांनी कुणालाच बसा म्हटलेलं नव्हतं.

"वरून आलंय," सर म्हणाले. "तुमच्या मदतीसाठीच आहे. सोमवारपासून वरच्या वर्गाचं शास्त्र पडद्यावरून होईल. धडे मुख्य कार्यालयातून येतील. तुम्ही वर्गात असालच. मागच्या बाकावर बसायचं. पडदा लावायचा, हजेरी घ्यायची, पडदा बंद करायचा."

"आणि शिकवायचं कुणी?"

"तुम्हाला ताण नको, बाई."

"सर," बाई म्हणाल्या, "तुमचंसुद्धा मीच भरलं होतं."

मुख्याध्यापकांनी उठून खिडकी लावून घेतली. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "ते बोलू नका. ते बोललात तर सगळ्यांचंच खोटं ठरतं. आणि खोटं भरणारा हात कुणाचा, हे मग विचारतील."

बाई स्टाफरूममध्ये आल्या आणि सरळ विचारलं, "तुमच्यापैकी कुणी येता का माझ्याबरोबर? एवढंच सांगायचं, की हिला येतं."

 गणिताचे सर म्हणाले, "तुम्हाला येतं हे आम्हाला कसं कळलं, असं विचारलं तर काय सांगू? आम्हाला येत नाही म्हणून?"

"माझी मुलगी अजून शिकतेय हो बाई," खेळाचे सर पुटपुटले. त्यांचा तो गडी-बिडी कुठल्या कुठे गेला होता.

भाषाबाई कपात साखर घालत होत्या. किती घातली हे त्यांना घोट घेतल्यावर कळलं. त्या दिवसापासून टेबलावर फोन दिसायचे बंद झाले. सगळे ते पिशवीत ठेवू लागले.

पडद्यावर निळ्या शर्टातले एक सर यायचे. छान बोलायचे. दर वेळी एकाच जागी हसायचे आणि "समजलं ना?" असं विचारून कुणी तोंड उघडायच्या आत पुढे जायचे. पोरांनी त्यांना पडदासर म्हणायला सुरुवात केली. बाई मागच्या बाकावर, दोन वेण्या घालणाऱ्या एका मुलीशेजारी बसायच्या. एकदा पडदासर म्हणाले, बर्फ पाण्यापेक्षा हलका असतो. मुलीने हळूच विचारलं, "बाई, डोंगराएवढा बर्फ पण?" बाईंनी तितक्याच हळू, वहीच्या आडून, दोन वाक्यांत समजावलं. मुलीचे डोळे चमकले. बाई सांगायच्या, इतक्या दिवसांत तेवढंच काय ते बरं घडलं.

त्याच दुपारी फोन आला. "बाई, कशा आहात?" मोजणीताईंचा आवाज मधासारखा. "आज वर्गात दुसरा आवाज आला."

"मुलीने शंका विचारली होती."

"हो, ऐकलं आम्ही. किती छान सांगितलंत! पण दुसरा आवाज आला की मोजणी बिघडते."

बाई वर्गात परत गेल्या आणि छताच्या कोपऱ्याकडे बघितलं. तिथे एक काळं बटण होतं. धूर कळायला लावलेलं असेल, असं आजवर त्यांना वाटत आलेलं.

मग त्या तडक मुख्य कार्यालयात गेल्या. घड्याळकाका बरोबर होते. त्यांना बाहेर बसवलं, पण दार पातळ होतं. आणि आमचे काका म्हणजे! त्यांना घड्याळाच्या पोटातलं ऐकू यायचं, दाराचं काय घेऊन बसलात.

"मला हे सगळं येतं," बाई म्हणाल्या. "शाळेत सगळ्यांत जास्त मला येतं."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"सगळ्यांचे अर्ज एकाच बोटाने भरलेत, बाई. बोट कुठे थांबतं, कुठे घाई करतं, यंत्राला कळतं."

"मग माझा वर्ग का काढून घेतलात?"

"तुम्हाला येतं की नाही हे आम्ही मोजतच नाही," ताई समजूत घालत म्हणाल्या. "तुम्ही स्वतःला किती देता ते मोजतो. तुम्ही दोन दिलेत. आम्ही फक्त तुमचा शब्द मानला." मग थोडं थांबून, "सत्र संपताना पुन्हा मोजणार आहोत. तेव्हा जपून."

 जपून म्हणजे कशाला जपून, हे घरी येईपर्यंत दोघांनाही कळलं नाही.

सत्र संपलं. या खेपेला सगळ्यांनी आपापलं भरलं. टाकले सगळ्यांनी तीन, खेळाच्या सरांनीसुद्धा; घोळक्यात लपून बसले. बाई घरी फोन समोर ठेवून बसल्या होत्या.

"पाच टाक अगं," काका म्हणाले. "घड्याळ थोडं पुढे गेलेलं लोक चालवून घेतात. मागे पडलं की मनगटावरून उतरवतात."

"जन्मात कुणाला पुरे मार्क दिले नाहीत अहो. आणि आता देऊ ते स्वतःला?"

"वर्ग हवाय की नको?"

वर्ग हवा होता. बाईंनी सगळीकडे पाच टाकले. टाकून झाल्यावर उठून हात धुऊन आल्या.

आठवड्यात मोजणीताई जातीने शाळेत आल्या, फुलं घेऊन. "पूर्ण आत्मविश्वास! साऱ्या विभागात तुम्ही एकट्या. वर्ग उद्यापासून तुमचा."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"म्हणजे रेकॉर्डिंग पूर्ण होईपर्यंत," ताई म्हणाल्या.

"कसलं रेकॉर्डिंग?"

"पाचवाल्यांचे धडे आम्ही पडद्यासाठी घेतो ना. पुस्तकाच्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. मान असतो तो."

दुपारी शाळा सुटल्यावर बाईंना गाडी न्यायला यायची. रेकॉर्डिंगच्या खोलीच्या भिंतींना जाड स्पंज लावलेला. शब्द तोंडातून निघाला की तिथेच खाली पडायचा. समोर बाक नाहीत, पोरं नाहीत, एक काच आणि तिच्यामागे कानाला हेडफोन लावून बसलेला कॅमेरावाला. बाईंनी पहिल्या धड्यात पहिला प्रश्न विचारला आणि सवयीने थांबल्या.

"थांबू नका बाई," कॅमेरावाला म्हणाला. "ती जागा कापावी लागते."

चहाच्या वेळी बाईंनी विचारलं, "ते निळ्या शर्टातले सर कुठल्या शाळेत असतात हो?"

"कोण? हां, ते. त्यांचं झालं ना पूर्ण."

"पूर्ण झालं, मग आता शिकवतात कुठे?"

कॅमेरावाला काच पुसू लागला. स्वच्छ होती, तरी पुसत राहिला. "परवा बाजारात दिसले होते. मी हाक मारली. त्यांनी बघितलं, आणि रस्ता ओलांडून गेले."

घरी येताना बाईंच्या डोक्यात सगळं जुळलं. रेकॉर्डिंग पूर्ण होईपर्यंत वर्ग त्यांचा. मग ते पूर्ण होऊच द्यायचं नाही! दुसऱ्या दिवशी पहिला धडा झाला तेव्हा कॅमेरावाला म्हणाला, "फक्कड झालं." बाई म्हणाल्या, "पाचातले तीन. पुन्हा घ्या." पुन्हा घेतला. "आवाज चढला. पुन्हा." पुन्हा घेतला. "फारच सावकाश झालं." पुन्हा.

असं महिनोन्‌महिने चाललं. इमारतीत सगळ्यांना ती गंमत माहीत झाली होती. बाई गाडीतून उतरल्या की मी खिडकीतून ओरडायचो, "कितवा धडा, बाई?" त्या वर न बघता म्हणायच्या, "पहिलाच! अवघड आहे हो फार." आणि सकाळी वरच्या वर्गात त्या अशा शिकवायच्या, की भाषाबाई आपला तास सोडून दाराशी उभ्या राहून ऐकायच्या. प्रश्न विचारायच्या आणि मनसोक्त थांबायच्या. दोन वेण्यांची मुलगी पुढच्या बाकावर आली होती.

घड्याळकाकांना तेवढी एक गोष्ट खुपायची. बाकावर मला म्हणाले, "तो कॅमेरावाला वैतागत कसा नाही? मी एकाच घड्याळाला तिसऱ्यांदा हात लावताना शिव्या देतो. हा रोज म्हणतो, घेऊ की, पुन्हा घेऊ. हवं तेवढं घेऊ."

मी म्हटलं, "पगारी माणूस आहे, त्याचं काय जातं?"

काका म्हणाले, "त्याचं जात नाही, म्हणूनच विचारतोय, येतं काय?"

तेव्हा मी हसण्यावारी नेलं.

पुढच्याच आठवड्यात फोन आला. "बाई, मनापासून आभार," मोजणीताई म्हणाल्या. "पूर्ण झालं."

"पूर्ण? अहो, पहिलाच धडा धड झालेला नाही."

"तो एकच धडा तुम्ही किती परींनी म्हणालात! हसून, रागावून, घाईने, सावकाश. इतकं कुणीच देत नाही, बाई. उरलेले धडे आता तुमच्याशिवाय होतात. उद्यापासून गाडी येणार नाही."

सकाळी बाई नेहमीसारख्या शाळेत गेल्या. वरच्या वर्गाचं दार लावलेलं होतं. आतून बाईंचा आवाज येत होता. भाषाबाई व्हरांड्यात होत्या. त्यांना वाटलं, बाई आत आहेत. वळून बघतात तर बाई त्यांच्या मागे उभ्या, पिशवी खांद्याला. आत प्रकाशाचा धडा चालला होता. तो धडा बाईंनी त्या खोलीत एकदाही म्हटलेला नव्हता.

"समजलं ना?" आतल्या बाईंनी विचारलं आणि पुढे गेल्या.

बाहेरच्या बाईंनी दार ढकललं. पोरांनी त्यांच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे.  दोन वेण्यांची मुलगी परत मागच्या बाकावर बसली होती. ती सरकली, बाई तिच्या शेजारी बसल्या. दार उघडंच राहिलं होतं, म्हणून पुढचं भाषाबाईंनी डोळ्यांनी पाहिलं.

मुलीने खालच्या आवाजात विचारलं, "बाई, तुम्ही आत्ता म्हणालात, भिंतीवरच्या आरशात वरचं खाली दिसतं. पण घरी तर तसं नाही दिसत."

"मी नाही म्हणाले," बाई म्हणाल्या.

"पण बाई, आत्ताच..."

"मी नाही म्हणाले ते!" बाईंचा आवाज वर्गभर गेला.

पडद्यावरचा आवाज वाक्य अर्धवट सोडून थांबला. पडदासर कधी थांबले नव्हते.  पडद्यावरच्या बाईंनी चष्म्यावरून सगळ्या वर्गावर सावकाश नजर फिरवली, अगदी बाई फिरवायच्या तशी, आणि ती मागच्या बाकावर येऊन टेकली.

"मागे कोण बोलतंय? उभी राहा."

भाषाबाई सांगतात, बाई उभ्या राहिल्या.